काँगोची खाण आणि आपल्या कपाटातला खण

(मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचं नाव फलकावर वाचून एकदोघांनी मला दारातच विचारलं, "सर, कोबाल्टवर तासभर बोलण्यासारखं काय आहे?" धातुशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे धातूचं नाव काढलं की लोक घड्याळाकडे बघतात याची मला सवय आहे. पण गेल्या गणेशोत्सवातली एक गोष्ट सांगतो. मंडपाच्या कमानीवरचे फायबरचे मोर तयार होत होते, ते बघायला मी गेलो होतो. कारागीर एका डब्यात रेझिन घोळत होता. बाटलीतून त्याने जांभळ्या द्रवाचे मोजून थेंब टाकले. मी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "काका, हे कोबाल्ट. हे घातल्याशिवाय माल सुकत नाही. पण हार्डनरमध्ये थेट पडलं तर भडका उडतो." जे सांगायला मला वर्गात एक तास लागायचा, ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं.

म्हणजे कोबाल्ट आपल्या मंडपात आहेच. घरातही आहे. आपल्यापैकी किती जणांना डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं सांगितली आहेत? बघा, निम्मे हात वर. त्या इंजेक्शनचा लाल रंग आठवा. बी-१२ च्या रेणूच्या अगदी मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो, म्हणून तर त्या जीवनसत्त्वाला कोबालामिन म्हणतात. ही रचना डोरोथी हॉजकिन या विदुषीने १९५६ मध्ये उलगडली, आणि १९६४ चं नोबेल त्यांना मिळालं. शरीराला लागणारं कोबाल्ट ते केवढं, तर डोळ्यांना दिसणारही नाही एवढं. पण ते नसलं की हातापायाला मुंग्या येतात.

आणि आपल्यातल्या ज्येष्ठांना कोबाल्ट म्हटलं की वेगळीच आठवण येते. माझ्या आत्याला कॅन्सर झाला तेव्हा घरात दबक्या आवाजात बोललं जायचं, "तिला कोबाल्टचे शेक चालू आहेत." साध्या कोबाल्टला अणुभट्टीत ठेवलं की त्याचं कोबाल्ट-६० होतं आणि त्यातून गॅमा किरण निघतात. सव्वापाच वर्षांत त्याचा जोर निम्म्यावर येतो, म्हणून ते वेळोवेळी बदलावं लागतं. आता मोठ्या रुग्णालयांत दुसरी यंत्रं आली, तरी भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेलं 'भाभाट्रॉन' हे कोबाल्टचंच यंत्र आहे. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रात याच किरणांखालून गेलेला आंबा २००७ मध्ये अमेरिकेला रवाना झाला. आणि आपल्या बडोद्यात? शहराच्या मैलापाण्यातला गाळ कोबाल्टच्या किरणांनी निर्जंतुक करून शेतात खत म्हणून देण्याचा देशातला पहिला प्रयोग गाजरावाडीत झाला. जवळून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो, पण तिथे हे काम झालेलं आहे.

यापुढे मकरपुऱ्यातल्या कारखान्यांत जा. लेथवर पोलाद कापणारं कार्बाइडचं टोक असतं. टंगस्टन कार्बाइडचे कण एकमेकांना घट्ट धरून ठेवतो तो कोबाल्ट. विमानाच्या इंजिनातली लालबुंद तापणारी पाती घ्या, डिझेलमधलं गंधक काढणारे उत्प्रेरक घ्या, चिनी मातीच्या भांड्यांवरचा तो गर्द निळा रंग घ्या, सगळीकडे हा आहेच. पण आज जगातल्या कोबाल्टचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग एकाच ठिकाणी जातो, तो म्हणजे बॅटरी. आपण सगळ्यांनी सभागृहात येताना ज्याचा आवाज बंद केला आहे, निदान मी तशी आशा करतो, त्या फोनची बॅटरी.

आता नावाची गंमत. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगरांत चांदीच्या खाणी होत्या. तिथल्या खाणकऱ्यांना कधीकधी चांदीसारखा दिसणारा दगड सापडायचा. भट्टीत घातला की चांदी तर नाहीच, उलट विषारी धूर निघायचा, कारण त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक असायचं. लोक म्हणायचे, हा कोबोल्डचा खोडसाळपणा. कोबोल्ड म्हणजे खाणीतलं भूत. आपल्याकडे चकवा लागतो म्हणतात ना, तसंच काहीसं. पुढे १७३५ च्या सुमारास गेऑर्ग ब्रांट या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं की हा वेगळा धातू आहे. नाव मात्र भुताचंच राहिलं. तीनशे वर्षं होत आली, पण चकवा लावण्याचा त्याचा स्वभाव गेलेला नाही, हे पुढच्या आकड्यांवरून तुम्हाला दिसेलच.

२०२४ मध्ये जगभरच्या खाणींतून सुमारे २ लाख ९० हजार टन कोबाल्ट निघालं. त्यातलं सुमारे २ लाख २० हजार टन, म्हणजे चार भागांतले तीन भाग, एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून आलं. दुसरा क्रमांक इंडोनेशियाचा, पण तो तीस हजार टनांच्याही आतला. ऑस्ट्रेलिया, क्यूबा, फिलिपिन्स, रशिया, कॅनडा यांचा वाटा किरकोळ. काँगोतून निघालेला माल बहुतेक करून करड्या-गुलाबी ओलसर भुकटीच्या रूपात गोण्यांत भरतात. ट्रकने झांबियामार्गे दार-ए-सलाम किंवा डर्बन बंदर गाठायचं आणि तिथून जहाजाने चीन. जगातलं शुद्ध कोबाल्ट तयार करण्यात चीनचा वाटाही तसाच, तीन-चतुर्थांशाच्या पुढे. म्हणजे पीठ एका गावचं, गिरणी दुसऱ्या गावात, आणि पोळ्या खाणारं सारं जग.

मग प्रश्न येतो की जमिनीत कोबाल्ट संपत आलंय का? अजिबात नाही. जगातला साठा १ कोटी १० लाख टन धरतात, त्यातला ६० लाख टन काँगोत. आजच्या वेगाने खणलं तरी पस्तीस-चाळीस वर्षं पुरेल. शिवाय जमिनीवरची एकूण संसाधनं अडीच कोटी टनांच्या घरात आणि समुद्रतळाशी १२ कोटी टनांहून अधिक. इथे 'साठा' आणि 'संसाधन' यांतला फरक नीट समजून घ्या. साठा म्हणजे हातातली रोकड. आजच्या भावात, आजच्या तंत्राने, परवडेल अशा खर्चात काढता येईल तेवढीच. संसाधन म्हणजे कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या वाडवडिलांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावरचा आपला वाटा. कागदावर आहे, खरा आहे, पण त्यावर उद्याचा बाजार होत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. कोबाल्टची स्वतंत्र खाण जवळजवळ नसते. मोरोक्कोतली बू अझर ही अपवाद म्हणून सांगतात. बाकी सगळीकडे तो तांब्याबरोबर किंवा निकेलबरोबर येतो. घरात लोणी काढताना ताक होतं, तसं. ताकाला गिऱ्हाईक नाही म्हणून कोणी घुसळणं थांबवत नाही, आणि ताक हवं म्हणून चार शेर दूध जास्त विरजत नाही. तांब्याला भाव आला की काँगोत तांबं खणलं जातं आणि पाठोपाठ कोबाल्टचा पूर येतो, बाजारात मागणी असो वा नसो.

याचा परिणाम भावावर बघा. मार्च २०१८ मध्ये कोबाल्टचा भाव टनाला सुमारे ९५ हजार डॉलरपर्यंत गेला. इलेक्ट्रिक मोटारी येणार, कोबाल्ट कमी पडणार, अशी हवा होती. वर्षभरात तो तीस हजारांच्या आसपास कोसळला. २०२२ च्या वसंतात पुन्हा ऐंशी हजारांवर. आणि २०२५ च्या सुरुवातीला वीस-बावीस हजार! तेव्हा काँगो सरकारने, त्याच वर्षी फेब्रुवारीत, कोबाल्टची निर्यातच बंद केली. आधी चार महिने, मग आणखी तीन. १६ ऑक्टोबरपासून कोटा आला. २०२६ सालासाठी ९६,६०० टन, म्हणजे २०२४ च्या उत्पादनाच्या निम्म्याहूनही कमी. वर्ष संपेपर्यंत भाव दुपटीच्या वर गेला. त्यांच्या बाजूने विचार केला तर त्यांचं काय चुकलं? आपला कांदा मातीमोल विकला जातो तेव्हा आपल्यालाही वाटतंच की बाजार हातात असायला हवा. पण कार्बाइडची टोकं विकत घेणाऱ्या मकरपुऱ्यातल्या छोट्या कारखानदाराला हे सगळं महिन्याच्या बिलातच कळतं.

असं पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९७८ च्या मे महिन्यात, काँगोचं नाव झैर होतं तेव्हा, कोल्वेझी या खाणींच्या शहरावर बंडखोरांनी ताबा मिळवला. फ्रेंच आणि बेल्जियन छत्रीधारी सैनिक उतरवावे लागले. कोबाल्टचा भाव काही महिन्यांत अनेक पटींनी चढला. त्या काळी ध्वनिक्षेपकांतल्या कर्ण्यांमध्ये अल्निकोचं लोहचुंबक असायचं. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा हा मिश्रधातू. भाव चढल्यावर कारखानदारांनी फेराइटचं, म्हणजे साध्या लोखंडाच्या ऑक्साइडचं चुंबक वापरायला सुरुवात केली, आणि तो व्यवसाय पुन्हा कोबाल्टकडे फारसा वळला नाही. आज मंडपातल्या स्पीकरमध्ये जे जड काळं कडं असतं, ते त्या १९७८ च्या गोळीबाराची आठवण आहे म्हणा ना.

हीच गोष्ट आता बॅटरीत चालू आहे. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा शोध लावला. १९९१ मध्ये सोनीने त्यावरची बॅटरी बाजारात आणली. २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल मिळालं. पण त्याच गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून नव्वदच्या दशकात लोह आणि फॉस्फेट वापरणारी, कोबाल्टशिवायची बॅटरी पुढे आली. आज जगातल्या इलेक्ट्रिक मोटारींच्या बॅटऱ्यांत तिचा वाटा निम्म्याच्या जवळ पोचलाय. आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक मोटारींतही तीच असते. थोडी जड, पण स्वस्त आणि आग लागण्याचा धोका कमी. तेव्हा मुलगा इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघाला की त्याला मायलेजबरोबर बॅटरीचा प्रकारही विचारायला सांगा. मात्र फोन आणि लॅपटॉप यांच्यात जागा कमी आणि शक्ती जास्त हवी असते, म्हणून तिथे कोबाल्ट अजून पाय रोवून आहे.

आता कोल्वेझीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आकड्यांत माणसं दिसत नाहीत. काँगोतलं बहुतेक कोबाल्ट मोठ्या यांत्रिक खाणींतून येतं. पण काही भाग हाताने खणणारे लोक काढतात. असे लाखाहून अधिक लोक आहेत. कुदळ, दोर, बॅटरीचा दिवा आणि पोतं, एवढ्यावर चालणारं काम. आधार न दिलेली भुयारं पावसाळ्यात ढासळतात. कोल्वेझीतच कासुलो नावाची वस्ती आहे. २०१४ मध्ये तिथे एका घराखाली खणताना कोबाल्टचं काळं खनिज सापडलं आणि बघता बघता लोकांनी आपापल्या घरांच्या जमिनी खणायला घेतल्या. स्वयंपाकघरातून खाली उतरायचं, ते थेट खाणीत! त्याच वर्षी युनिसेफचा अंदाज होता की त्या भागातल्या खाणींवर सुमारे ४० हजार मुलं काम करतात. दगड वेचणं, धुणं, पोती वाहणं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या २०१६ च्या अहवालानंतर मोठ्या कंपन्यांना आपला माल कुठून येतो हे सांगणं भाग पडू लागलं. सुधारणा झाली नाही असं नाही. पण आपण त्यांचा माल घेणं बंद केलं की ती मुलं शाळेत जातील, इतकं हे सोपंही नाही. भाव पडला की त्या घरात चूलही पेटत नाही.

मंडळी, आता आपल्या देशाकडे येऊ. आणि इथेच चकवा आहे. भारतीय खाण ब्युरोच्या आकडेवारीनुसार देशात कोबाल्टची संसाधनं ४ कोटी ४९ लाख टन आहेत. ओडिशात ३ कोटी ९ लाख, झारखंडात ९० लाख, नागालँडात ५० लाख. हा आकडा वाचून एका विद्यार्थ्याने मला उत्साहाने सांगितलं होतं, "सर, जगाचा साठा १ कोटी १० लाख टन आणि आपला साडेचार कोटी! आपण जगात पहिले!" मी म्हटलं, "बाळा, जगाचा आकडा धातूचा आहे आणि आपला आकडा खनिजाचा, म्हणजे मातीदगडाचा." ओडिशातल्या सुकिंदाच्या मातीत निकेलच्या सोबतीला जे कोबाल्ट आहे, ते शंभर किलोत काही ग्रॅम. तेही सगळं 'संसाधन' या खात्यात, 'साठा' या खात्यात शून्य. म्हणजे सातबाऱ्यावर नाव, हातात काही नाही. देशात कोबाल्टच्या खनिजापासून आजवर व्यापारी उत्पादन होत नाही.

पण शुद्धीकरणाची विद्या आपल्याकडे आहे, आणि ती कुठे आहे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. खाण ब्युरोच्या वार्षिक ग्रंथात कोबाल्ट तयार करणारे म्हणून दोन नावं ठळकपणे येत राहिली. एक आपल्या बडोद्याची रुबामिन आणि दुसरी गोव्यातल्या कुंकळ्ळीची निकोमेट, जी २०२१ च्या अखेरीस वेदांत समूहाने घेतली. देशाची मिळून शुद्धीकरणाची क्षमता वर्षाला दोन हजार टनांच्या आसपास. जगाच्या हिशेबात किरकोळ, पण विद्या छोटी नाही. खनिज आम्लात विरघळवायचं, तांबं वेगळं काढायचं, मग लोह, जस्त, मँगेनीज, निकेल एकेक करून बाजूला सारायचे आणि शेवटी शुद्ध कोबाल्ट धातूच्या किंवा लाल क्षारांच्या रूपात मिळवायचं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, तेव्हा त्यांच्या मनात याच जातीचं ज्ञान होतं, हाताने करता येणारं आणि पोट भरणारं. आता या गिरण्या आहेत, पण दळण बाहेरून आणायचं. बाहेरचा माल अडला की जातं थांबलं.

गोव्याशी आणखी एक नातं आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून बटाट्याएवढे काळे गोळे वर काढले. त्यांत मँगेनीज, निकेल, तांबं आणि कोबाल्ट असतं. त्यातूनच पुढे मध्य हिंदी महासागरातल्या ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात शोध घेण्याचा हक्क भारताला मिळाला. तिथे असे ३८ कोटी टन गोळे असावेत आणि त्यांत साडेपाच लाख टन कोबाल्ट, असा सरकारी अंदाज आहे. ऐकायला भरघोस वाटतं. पण ही आजच्या जागतिक उत्पादनाची दोनेक वर्षांची बेगमी झाली, तीही पाच किलोमीटर खोल पाण्याखाली. तिथली जीवसृष्टी ढवळून तो काढावा का, यावर जगभर वाद चालू आहे. हाही सातबारा झाला.

सरकार हातावर हात ठेवून बसलेलं नाही. २०२३ मध्ये ३० खनिजं देशासाठी अत्यंत महत्त्वाची म्हणून जाहीर झाली, त्यांत कोबाल्ट आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी १६,३०० कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान मंजूर झालं. झांबियात तांबं आणि कोबाल्ट शोधण्यासाठी ९ हजार चौरस किलोमीटरचं क्षेत्र भारताला मिळालंय. २०२५ च्या अर्थसंकल्पात कोबाल्टची भुकटी, कोबाल्टचं भंगार आणि लिथियम बॅटऱ्यांचं भंगार यांच्यावरचं आयातशुल्क उठवलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जुन्या मालातून ही खनिजं परत मिळवणाऱ्यांसाठी १,५०० कोटींची योजना आली. या शेवटच्या दोन गोष्टी नीट ऐका. भंगार आयात करायला सरकार सवलत देतंय! म्हणजे ज्याला आपण अडगळ म्हणतो, ते बाहेरून विकत आणायची वेळ आली आहे.

एक हिशेब मांडतो. काँगोतलं चांगलं खनिज घेतलं, तरी शंभर किलो दगडात साधारण अर्धा किलो कोबाल्ट, फार चांगलं असलं तर दोनतीन किलो. आता जुन्या फोनच्या बॅटऱ्या घ्या. शंभर किलो बॅटऱ्यांत पंधरा ते वीस किलो कोबाल्ट असतं. काँगोतल्या उत्तम खाणीच्या कितीतरी पट श्रीमंत खाण, आणि ती आपल्या कपाटाच्या खणात पडून आहे. एका फोनमध्ये पाच ते दहा ग्रॅम, मोठ्या फोनमध्ये त्याहून थोडं जास्त. मी घरी जाऊन खण उघडला. जुने सात फोन निघाले, एक लॅपटॉप, आणि कशाचा आहे हे कुणालाच आठवत नाही असा एक चार्जर. तुमच्याही घरी यापेक्षा वेगळं चित्र नसेल. आपली पिढी वस्तू टाकत नाही, "राहू दे, कधीतरी लागेल" म्हणते. लागत मात्र कधीच नाही.

यापुढचं सांगायला मला थोडं अवघड जातंय, पण सांगतो. काही वर्षांपूर्वी असाच खण साफ करताना मी दोन जुने फोन आणि लॅपटॉपची बॅटरी रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिली. धातुशास्त्राचा प्राध्यापक! त्याने हातावर पन्नास रुपये ठेवले, मी घेतले. आठवड्याने काही कामासाठी त्याच्या वखारीवरून जात होतो. बाहेर अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा पोत्यावर बसून हातोडीने फोन फोडत होता. आतली हिरवी पट्टी एका ढिगात, तांब्याची तार दुसऱ्या ढिगात, आणि बॅटऱ्या मागे उन्हात नुसत्या टाकलेल्या. त्यातल्या दोनतीन फुगलेल्या. लिथियमची बॅटरी अशी फोडली किंवा चेपली तर काय होतं, हे मला माहीत होतं. वर्गात मी ते शिकवलं होतं. ती पेट घेते, आणि तिचा धूर त्या सॅक्सनीतल्या धुरापेक्षा काही कमी विषारी नसतो.

मी त्या मुलाला थांबवलं, मालकाशी बोललो. मालक म्हणाला, "साहेब, बॅटरीचं आम्हाला काही मिळत नाही, आम्ही काय करणार?" त्याचं खोटं नव्हतं. त्या बॅटऱ्या कुठे गेल्या मला कळलं नाही. बहुधा कचऱ्यात. म्हणजे कोल्वेझीत एका मुलाने जो दगड पाठीवरून वाहून आणला असेल, त्यातला धातू अर्धं जग फिरून माझ्या घरी आला, आणि मी तो दुसऱ्या मुलाच्या हातोडीखाली देऊन मातीत घालवला. कोल्वेझीच्या मुलांबद्दल वर्गात हळहळ व्यक्त करणारा मी. त्या दिवसापासून कोबाल्टवर बोलायचं झालं की मी काँगोपाशी थांबत नाही.

मग करायचं काय? कायदा आपल्या बाजूने आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचं पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बॅटरीतल्या मालापैकी किती परत मिळवायचा याचं प्रमाणही ठरलंय, आणि ते टप्प्याटप्प्याने ९० टक्क्यांपर्यंत न्यायचं आहे. अधिकृत कारखान्यात बॅटऱ्या आधी पूर्ण उतरवतात, सुरक्षित पद्धतीने चुरा करतात, आणि मग तीच आम्लाची, एकेक धातू वेगळा करण्याची विद्या वापरून कोबाल्ट, निकेल, लिथियम परत काढतात. हा धातू नव्या बॅटरीत नव्यासारखाच चालतो. धातूला म्हातारपण नसतं. कारखान्यांना फक्त माल हवा असतो, आणि तो आपल्या खणात अडकून पडलेला असतो.

घरी पाळायच्या चार साध्या गोष्टी सांगतो. फुगलेली बॅटरी असेल तर फोन चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. वेगळ्या निघालेल्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे एकमेकींना लागून ठिणगी पडणार नाही. ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत चेपून आग लागते. आणि देण्यापूर्वी फोनमधले नातवंडांचे फोटो काढून घ्या, आतली सगळी माहिती पुसून टाका. पुष्कळ फोन निव्वळ त्या फोटोंच्या मायेपोटी खणात राहिलेले असतात, हे मला ठाऊक आहे.

शेवटी कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव ठेवतो. येत्या गणेशोत्सवात, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी, मंडळाच्या कार्यालयात एक टेबल मांडू. सगळ्यांनी आपापले जुने फोन आणि बॅटऱ्या आणाव्यात, आणि त्या त्याच दिवशी अधिकृत संकलन करणाऱ्याच्या हवाली कराव्यात. गर्दीच्या मंडपात पेटी ठेवू नका, रात्रभर साठवून ठेवू नका, हे मी धातुशास्त्राचा माणूस म्हणून सांगतो. दीडशे घरांतून सरासरी चार फोन निघाले तर सहाशे फोन. कोबाल्ट किती? फार तर चारपाच किलो. एका इलेक्ट्रिक मोटारीलाही जेमतेम पुरेल. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण काँगोतल्या हाताने खणणाऱ्याला तेवढ्यासाठी हजारभर किलो दगड वर आणावा लागतो. आणि वखारीबाहेरच्या त्या मुलासमोर निदान आपल्या मंडळाचे सहाशे फोन तरी यायचे नाहीत.

विसर्जनाला आपण म्हणतो, पुढच्या वर्षी लवकर या. मूर्ती मातीची, ती पाण्यात विरघळते आणि पुढच्या वर्षी त्याच मातीची नवी मूर्ती होऊ शकते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होतं. कोबाल्टचंही तसंच करता येतं. घरी गेल्यावर आधी तो खण उघडा. टेबलावर मी स्वतः बसणार आहे, माझे सात फोन घेऊन.

 गणपती बाप्पा मोरया!